टेबलानं किती शहाणं व्हावं?

माझ्या मुलीला असं टेबल हवंय की लॅपटॉप त्याच्या खणात सरकवला की पुढचं सगळं टेबलानं पाहावं. चार्जिंग लागावं, मोठा मॉनिटर उजळावा, कीबोर्ड, माउस, इंटरनेटची वायर जागच्या जागी जोडली जावी आणि लॅपटॉपही आपला आपण सुरू व्हावा. संध्याकाळी ओढून काढला की उरेल ते नुसतं टेबल. तिची नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम चिपळूणच्या घरातून. टेबल करणार तिचा मामा, म्हणजे माझा दादा. त्याचा इथेच फर्निचरचा कारखाना आहे. त्याला ही कल्पना ऐकल्या ऐकल्याच पटली नाही. तयार टेबल आणून त्यावर बाजारातला डॉक, म्हणजे लॅपटॉपला बाकीच्या वायरी जोडून देणारी पेटी, ठेवावा असं मी सुचवलं, तेव्हा मात्र दोघं एक होऊन माझ्यावर आले. त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. बाकीचं बोलणं असं:

मामा: टीव्हीची शोकेस आठवते का गो तुला? तुझ्या लहानपणी प्रत्येक हॉलमध्ये एक असायची. एकवीस इंची टीव्ही, मागे त्याचं दीड फूट पोट, म्हणून मधलं खोकं तेवढं खोल. मागे वायरीला भोक, वर व्हीसीआरचा कप्पा. भक्कम कामं केली आम्ही. मग चपटे टीव्ही आले. बत्तीस इंची त्या खोक्यात मावेना, तो भिंतीवर गेला. आता त्या खोक्यांत लोकांच्या उशा नाहीतर गणपतीचं मखर असतं. लाकडाला काही झालेलं नाही, पण काम वाया गेलं.

भाची: आणि आजीचं शिलाई मशीन? तेही टेबलच की. मशीन आत निजवायचं, वर फळी टाकायची. शिवायचं असलं की मशीन उभं करायचं, पट्टा चढवायचा, पाय मारायचा. मशीनला चालवणारी शक्ती टेबलाच्या पोटातून येते. पहिलं मशीन झिजलं तेव्हा दुसऱ्या कंपनीचं आणून त्याच टेबलावर बसवलंस तू. काही कापावं लागलं?

मामा: नाही. बिजागरीच्या दोन पिना घातल्या, स्क्रू आवळले.

भाची: बघ!

मामा: काय बघ? मशीनच्या बुडाचं माप कंपन्यांनी आपसात पाळलं म्हणून ते जमलं. तुझ्या लॅपटॉपवाल्यांनी असं काही पाळलंय का ते सांग, मग मी करवत काढतो.

वादाचं मूळ मला इथेच सापडलं. लॅपटॉप हा शोकेसमधला टीव्ही की टेबलावरचं शिलाई मशीन, एवढंच ठरवायचं होतं. पण दोघांपैकी कुणालाही ते इतक्या लवकर संपवायचं नव्हतं.

भाची: पाळलंय. यूएसबी टाइप सी हे भोक २०१४ साली ठरलं. चोवीस पिना, उलटं-सुलटं कसंही घाला. आधी त्यातून १०० वॅटपर्यंत देता यायचे. २०२१ मध्ये त्याच आकारातून २४० पर्यंतची सोय झाली. भोक तेच, ताकद दुपटीहून जास्त. युरोपनं तर कायदाच केलाय, २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकायचे नवे लॅपटॉप टाइप सीनं चार्ज झाले पाहिजेत. आपल्या भारतीय मानक ब्युरोनंही त्याचं मानक काढलंय. हे टीव्हीच्या पोटासारखं नाही मामा.

मामा: भोकाचा आकार ठरला. भोकाची जागा ठरली का?

यावर तिला लगेच उत्तर देता आलं नाही. दादानं घरातले सगळे लॅपटॉप टेबलावर मागवले आणि खिशातली टेप काढली. तिच्या लॅपटॉपचं भोक डावीकडे, अगदी मागे, बिजागरीला लागून. माझ्याचं उजवीकडे, चार बोटं पुढे. तिच्या आधीच्या लॅपटॉपला तर गोल पिन. जाडी तिघांची तीन तऱ्हेची. दादानं आकडे पेन्सिलीनं एका प्लायच्या तुकड्यावर लिहिले आणि तुकडा तिच्यापुढे सरकवला. तो वाद असाच घालतो, तोंडानं कमी आणि टेपनं जास्त.

भाची: मान्य. आणि हे आधी घडूनही गेलंय. १९९२ मध्ये ॲपलनं पॉवरबुक ड्युओ काढला, त्याच्याबरोबर ड्युओ डॉक. लॅपटॉप मिटायचा आणि डॉकच्या तोंडात सरकवायचा. व्हीसीआर कॅसेट ओढून घेतो ना, तशी आतली मोटर त्याला ओढून घ्यायची. मागे १५२ पिनांचा कनेक्टर जुळायचा. डॉकवर मोठा मॉनिटर ठेवलेला. मला जे हवंय ते नेमकं हेच.

मामा: आहे का अजून?

भाची: १९९७ पर्यंत ती मालिकाच संपली.

मामा: म्हणजे पाच वर्षं. आणि ते निदान प्लॅस्टिकचं होतं. मी सागवानात करायचं म्हणतेस.

भाची: थिंकपॅड लॅपटॉपांचंही तसंच. कितीतरी वर्षं खालून बसणारे डॉक होते, ऑफिसात रांगेनं. २०१८ च्या मॉडेलांना डॉक बाजूनं लागायला लागला आणि आधीचे सगळे निकामी. पण या दोन्हींत कनेक्टर कंपनीचा स्वतःचा होता. आता तो सगळ्यांचा आहे. फक्त जागेचा प्रश्न उरतो, आणि तो सुटण्यासारखा आहे.

मामा: त्याआधी दुसरा प्रश्न. टाइप सी आल्यापासून तुझं सगळं एका केबलवर आलं की नाही? वीजही त्यातून, मॉनिटरही त्यातून, कीबोर्डही. मग ती एक केबल हातानं लावायला काय होतं?

मला वाटतं, सगळ्या संभाषणातला हा सर्वांत जड प्रश्न होता. मुलगी प्रामाणिक आहे, म्हणून तिनं आधी किरकोळ कारणं दिली आणि ती किरकोळच आहेत हे तिलाही कळलं. केबल मागे पडते, वाकते, टेबलावर पसारा दिसतो. दादानं प्रत्येकाला उपाय सांगितला: काठाला खाच, खाचेत रबर, केबल तिथे अडकते. मग तिनं खरं कारण सांगितलं.

भाची: मला ऑफिस नाहीये मामा. दार नाही, पाळी संपल्याचा भोंगा नाही. तू कारखान्याचं शटर ओढतोस, तेव्हा तुझं काम संपतं. माझा लॅपटॉप टेबलावर उघडा असतो, रात्री जेवून येता-जाता मी मेल बघते. खणातून काढून कपाटात ठेवला की टेबल मेलं पाहिजे. मॉनिटर काळा, कीबोर्ड मुका. परत सुरू करायचं तर उठून, आणून, सरकवावं लागेल. केबलनं हे होत नाही, केबल तिथे लोंबत असते.

मामा: हे आधी सांगायचंस.

तो मवाळ झाला, पण त्याला पटलं नव्हतं. पुढचा आक्षेप त्याच्या धंद्यातून आला आणि मला तो ऐकायला सर्वांत आवडला.

मामा: आम्ही सुतात मोजतो. इंचाचे आठ भाग, त्यातला एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडं वर. चांगला कारागीर पाव सूत सांभाळतो. तुझ्या प्लगला किती लागतं?

भाची: प्लग ८.२५ मिलिमीटर रुंद, भोक ८.३४. उंचीला २.४० आणि २.५६.

मामा: म्हणजे रुंदीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीही सूट नाही. आणि दोन फूट रुंदीची सागवानी पाटी मे महिन्यात घे आणि ऑगस्टमध्ये मोज. इकडच्या पावसात ती रुंदीला जवळजवळ सूतभर फुगते. तुझ्या सुटीच्या तीसपट. जूनमध्ये बसणारा प्लग गणपतीत बसायचा नाही. तू ढकलशील, आणि आतली ती पातळ जीभ मोडेल.

भाची: ०.७ मिलिमीटरची असते. आणि बहुतेक लॅपटॉपांत ते सॉकेट मदरबोर्डलाच डाग दिलेलं. मोडलं तर बोर्ड उघडावा लागतो. तसं ते दहा हजार वेळा घाला-काढायला बनवलेलं असतं, रोज दोनदा म्हटलं तरी तेरा वर्षं.

मामा: सरळ गेलं तर.

भाची: म्हणून प्लग लाकडाला पक्का करायचाच नाही. रबरात धरायचा, चारी बाजूंना मिलिमीटरभर हलता ठेवायचा. लॅपटॉपला आधी लाकडानं धरायचं, दोन्ही कडांनी, आणि शेवटच्या बोटभर अंतरात प्लग आपोआप समोर यायचा. जोर लाकडानं घ्यायचा, प्लगनं नाही.

मामा: ड्रॉवरच्या तोंडाशी आपण उतार देतो तसं. हां. आणि ज्यात प्लग बसायचा तो ठोकळा वेगळा करायचा, दोन स्क्रूंवर. लॅपटॉप बदलला की ठोकळा बदलायचा, टेबलाला करवत लावायची नाही.

भाची: मग ते टेबल शिलाई मशीनचंच झालं ना?

मामा: टेबल नाही झालं. ठोकळा झाला. टेबल शहाणं नाही, ठोकळा शहाणा.

हा फरक ती मानत नाही. तिच्या मते टेबलात राहतं ते टेबलाचंच. मी दादाच्या बाजूनं आहे: जे पाच वर्षांत बदलणार ते आणि जे तीस वर्षं टिकणार ते, यांच्यामध्ये स्क्रू असावा, फेविकॉल नसावा. पण हे मी तेव्हा बोलले नाही, कारण दोघं विजेवर आले होते.

मामा: उघड्या खणात विजेची पिन. रात्री झुरळ शिरलं, पाल शिरली तर?

भाची: पिनेत काही नसतं. समोर लॅपटॉप आहे हे कळेपर्यंत ती थंड असते. टाइप सीमध्ये एक वाट केवळ विचारपूस करायला ठेवलेली असते. पलीकडे ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला की आधी फक्त ५ व्होल्ट. मग चार्जर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५, २० आहेत. लॅपटॉप २० मागतो. मग २० मिळतात. जास्त करंट हवा तर केबलनंही आपली ओळख द्यावी लागते. तीन अँपिअरच्या वर द्यायचं तर केबलमध्ये तशी चिप लागते. नसेल तर ६० वॅटवर थांबायचं.

मामा: आमच्या २३० च्या सॉकेटला एवढी अक्कल नाही. बरं, आणि लॅपटॉप आपोआप सुरू कसा होणार? बटण तर मिटलेल्या झाकणाच्या आत.

भाची: बायॉसमध्ये सोय असते. पुष्कळ लॅपटॉपांत सांगून ठेवता येतं, की चार्जर लागला की सुरू हो. काही मॅकबुक तर सांगावं न लागता होतात.

मामा: चार्जर लागला हे त्याला कशानं कळतं?

भाची: वीज आली की.

मामा: इथे रात्री तीन वाजता लाइट येते.

ती थांबली. चिपळुणात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसात लाइट जाते, रात्री केव्हातरी येते. लॅपटॉप बंद करून चुकून खणातच राहिला, तर वीज परत आली की त्याला वाटणार चार्जर आत्ताच लागला. मिटल्या अवस्थेत, बंद कप्प्यात, रात्रभर तो जागाच. गरम हवेत भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, हे तिनंच मला पूर्वी सांगितलंय. म्हणून ती चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर अडवून ठेवते.

भाची: काही कंपन्यांच्या डॉकवर बटण असतं, त्याच कंपनीचा लॅपटॉप त्यानं सुरू होतो. पण मग परत कंपनी आली.

मामा: टेबलाला एक साधा स्विच लाव. पुढे, उजव्या हाताशी, दिसेल असा. सगळी वीज त्यातून. सकाळी लॅपटॉप सरकव, स्विच दाब. वीज आली म्हणून तो आपोआप सुरू होईल. जाताना स्विच बंद. मग रात्री लाइट कितीदा येईना का.

वीस व्होल्ट मागून घेणाऱ्या, ओळख विचारणाऱ्या यंत्रणेचं अडलेलं काम सोळा अँपिअरच्या काळ्या स्विचनं सोडवलं, याचा दादाला झालेला आनंद लपत नव्हता. मुलीनं तो त्याला घेऊ दिला, आणि मग आपली अट घातली: स्विच दिसला तरी चालेल, पण वायर एकही दिसता कामा नये. डॉकची पेटी, अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं टेबलाच्या अंगात.

मामा: कुठे? खाली पायाशी नाही हं.

भाची: का? सगळे तिथेच ठेवतात.

मामा: २२ जुलै २०२१ विसरलीस?

त्या दिवशीचा पूर ती विसरलेली नाही, चिपळुणात कुणीच नाही. दादाकडे त्यानंतर कित्येक महिने पुराचं फर्निचर येत होतं. साध्या प्लायचे पापुद्रे सुटलेले, सनमायका फुगून वर आलेला, सागवान मात्र वाळवून, रंधा मारून परत उभा राहिला. पार्टिकल बोर्डाची टेबलं दुरुस्तीला आलीच नाहीत. ती लोकांनी घमेल्यांतून भरून टाकली. आणि गुडघ्याच्या उंचीवरचे विजेचे सगळे बोर्ड गाळानं भरलेले. एवढ्या पुरापुढे टेबलाची उंची काय पुरणार, पण घरात वीतभर पाणी दर काही वर्षांनी येतंच, आणि त्याला पुरते. दादा तेव्हापासून विजेचं काहीही जमिनीपासून दोन फुटांच्या आत घेत नाही.

मामा: पाटीखालीच, मागच्या बाजूला लांब पेटी करतो. मरीन प्लायची, मागे फळी नाही, जाळी. अडॅप्टर गरम होतो ना?

भाची: पासष्ट वॅट देताना सहा-सात वॅट उष्णतेत जातात. लॅपटॉपची वेगळी. त्याच्या वर-खाली दोन-दोन इंच मोकळे पाहिजेत, हवा तो बहुतेक बुडातून घेतो.

मामा: मी आधी उभी खाच म्हणणार होतो, पाटीतच. पण चहा सांडला की थेट भोकात.

भाची: नको, पाटीखाली आडवा कप्पाच बरा, डावीकडे. गुडघे मधे असतात. आणि डॉकची पेटी कप्प्याच्या जवळच हवी. डॉककडे जाणारी चाळीस गिगाबिटची साधी थंडरबोल्ट केबल ०.८ मीटरपर्यंतच धड चालते.

मामा: म्हणजे अडीच फूट. टेबल पाच फुटी. म्हणजे वायर सांगणार पेटी कुठे ठेवायची ते?

भाची: सांगू दे की. तू लाकडाच्या फुगण्याचं ऐकतोस, मी तांब्याचं ऐकते.

मामा: ऐकू. पण भोक वायरीएवढं पाडणार नाही. दोन इंची पाडणार. वायर नाही, वायरीचं डोकं जायला पाहिजे. उद्या ही केबल गेली की दुसरी ओवता आली पाहिजे.

अर्थिंगवर दोघांचं भांडण झालंच नाही, म्हणून ते थोडक्यात. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावला की मनगटाला मुंग्या येतात, हे आमच्या घरातलं नेहमीचं. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अंगावर किंचित करंट उतरतो. धोक्याचा नसतो, पण सुखाचाही नाही. त्याला जमिनीत जायला वाट दिली की मुंग्या जातात. टेबलातून भिंतीकडे एकच वायर निघेल, तीन पिनांची, आतला अडॅप्टरही तीन पिनांचा, आणि वायरमन आधी भिंतीतलं अर्थिंग खरंच आहे का ते तपासेल. माउसचा छोटा रिसीव्हर मात्र पेटीत घालायचा नाही असं मुलीनं ठरवलं. यूएसबी ३ च्या पोर्टांच्या गोंगाटात २.४ गिगाहर्ट्झचा माउस अडखळतो. तो पाटीच्या पुढच्या कडेला, एका वेगळ्या भोकात. दादानं हे न विचारता प्लायच्या तुकड्यावर लिहून घेतलं.

भाची: पाटी प्लायचीच कर ना मग. सागवान फुगतो म्हणालास.

मामा: पाटी सागवानाचीच. ती फुगू दे. तिला खालच्या सांगाड्याशी लंबगोल भोकांतून स्क्रू मारतो, हवं तेवढं सरकेल. तुझा कप्पा आणि ठोकळा सांगाड्याला, मरीन प्लायला. दोघांची गाठ घालायचीच नाही.

भाची: आणि पुढचा लॅपटॉप उजव्या भोकाचा निघाला तर? कंपनी कुठला देईल ते माझ्या हातात नाही.

मामा: कप्पा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवतो. ठोकळा इकडून काढायचा, तिकडे लावायचा. फुकट जाईल असं काही नाही. पण मग कप्प्याच्या शेजारचा ड्रॉवर विसर.

भाची: ड्रॉवर मला हवाय.

मामा: मग उजवं भोक विसर.

भाची: ड्रॉवर अर्ध्या खोलीचा केलास तर?

मामा: अर्ध्या ड्रॉवरात काय ठेवणार तू?

भाची: चार्जर.

मामा: चार्जर पेटीत आहे ना गो!

भाची: दुसरा. प्रवासाचा.